झोपेतल्या मगरीची लॉगशीट

लॉगशीट कशी भरायची हे मला कुणी शिकवलं नाही. ते अंगात भिनलं. दुबईत मी चिलरवर इंजिनिअर होतो, म्हणजे अख्ख्या इमारतीला थंड पाणी पुरवणारी यंत्रं सांभाळायचो. दर दोन तासांनी यंत्रापाशी जायचं, तापमान बघायचं आणि तक्त्यात लिहायचं असा नियम. ऑगस्टच्या उन्हात गच्चीवर दर दोन तासांनी कोण जातंय? शिफ्ट संपताना चहा पीत पीत आम्ही दिवसभराचे आकडे एका बैठकीत टाकायचो. त्यातही कसब होतं. एकच आकडा सलग लिहायचा नाही, मधेच पॉइंट दोन वर न्यायचा, पेन बदलायचं, एखादी खाडाखोड मुद्दाम करायची. यंत्र चालू आहे ना, मग आकड्याचं काय एवढं, असं आम्ही मानायचो. बारा वर्षांत त्यावरून कुणी मला कधी विचारलं नव्हतं.

मग मंदी आली. आमची इमारत एकोणिसाव्या मजल्यावर थांबली ती थांबलीच. आधी ओव्हरटाइम गेला, मग ऑफिसातला चहावाला गेला, मग मार्चात माझ्या हातात पत्र आलं. तीस दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा रद्द. बायको समजूतदारपणे बॅगा काढून ठेवायला लागली आणि मला त्या समजूतदारपणाचाच राग यायला लागला. सव्विसाव्या दिवशी अल ऐनहून एक फोन आला. केरळी मॅनेजर हिंदीत विचारत होता, "बारह डिग्री मेंटेन कर सकते हो? पूरा विंटर?"

"कुठली बिल्डिंग आहे?" मी विचारलं.

"बिल्डिंग नहीं है, मगरमच्छ है."

माझी टिंगल चालली आहे असं वाटून मी फोन ठेवणार होतो. तेवढ्यात त्याने पगार सांगितला. माझ्या जुन्या पगाराच्या निम्मा. थट्टा करणारा माणूस इतका खरा वाटणारा आकडा सांगत नाही. मी हो म्हटलं.

अल ऐनच्या बाहेर, खजुराच्या बागांपलीकडे एका श्रीमंत स्थानिक गृहस्थांचा खासगी प्राणिसंग्रह होता. आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. भरभराटीच्या दिवसांत त्यांनी रीतसर कागदपत्रं करून चिनी ॲलिगेटरची एक जोडी आणवली होती. मराठीत आपण सगळ्यांनाच मगर म्हणतो, मीही तेच म्हणेन. पण ही आपल्या नदीतल्या मगरीसारखी थोराड नसते. माणसाएवढी लांब, काळसर, आखूड तोंडाची. पापण्यासुद्धा हाडाच्या. यांगत्से नदीकाठच्या तळ्यांत आणि पाणथळीत बिळं करून राहणारी ही जात. माणसांनी तळी बुजवून भातशेती केली, बिळं खणून काढली, आणि मोकळ्या रानात ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. आता ती उरली आहे मुख्यतः प्रजनन केंद्रांत. तिथे पिल्लं वाढवून थोडी थोडी पुन्हा तळ्यांत सोडतात. त्यासाठी वेगवेगळ्या वंशाच्या निरोगी माद्या लागतात, आणि आमची मादी तशी होती.

तिला हिवाळा लागतो. इतर मगरींना ऊन लागतं, हिला वर्षातले चार-पाच महिने बिळात, थंडीत, काहीही न खाता झोपायला लागतं. ती झोप नीट झाली तरच उन्हाळ्यात अंडी. आता अल ऐनला हिवाळा कुठून आणणार? म्हणून जमिनीखाली काँक्रीटची दोन बिळं बांधून घेतली होती आणि त्यांच्या भिंतींतून थंड पाण्याचे पाइप फिरवले होते. नराच्या बिळाला जुनं छोटं यंत्र होतं, मादीच्या बिळाला नवीन मोठं. वाळवंटात थंडी तयार करणं हे माझं कामच होतं. फक्त आधी ती माणसांसाठी करायचो.

या मगरींची देखभाल करणारे काका मालवणकडचे. पन्नाशी उलटलेले, अंगाने काटक, गळ्यात तुळशीची माळ. वीस वर्षं आखातात आणि त्यातली सात या संग्रहात. कोकणातल्या खाडीत त्यांनी मगरी लहानपणापासून बघितल्या होत्या, त्यामुळे भीती अशी नव्हतीच. मादीला ते 'बाय' म्हणायचे आणि मला 'सायबानु'. पंपरूममध्ये त्यांनी गावाहून आलेलं मराठी कॅलेंडर लावलं होतं, मोठ्या चौकोनांचं, एकादशी-चतुर्थीचं. त्या चौकोनांत ते काहीबाही लिहायचे. आपल्या घराघरांत दूध आलं नाही, गॅस लावला, असं लिहितात तसं काहीतरी असेल म्हणून मी कधी वाचलं नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी मादीचं वजन केलं. तोंडाला टेप लावून, फळीवर बांधून, काट्यावर. वजन चांगलं भरलं होतं. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "नीज आता, बाय." नोव्हेंबरात ती बिळात गेली आणि यंत्राने बारा डिग्री धरली. एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, मी मुलीला दाखवायला आणलं. बिळाच्या काचेतून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, इज शी डेड?" मी म्हटलं, नाही गं, झोपलीये. "फॉर फाइव्ह मंथ्स? लकी." सात वर्षांची पोर. घरात आम्ही कसे वागत होतो ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

अरबाबनी तोवर प्राणी कमी करायला घेतले होते. शहामृगं गेली, हरणं गेली. मगरींसाठी युरोपातल्या एका प्रजनन केंद्राशी पत्रव्यवहार चालू होता. त्यांची डॉक्टरबाई वसंतात येऊन जनावरं तपासणार, हिवाळ्याचं रेकॉर्ड बघणार आणि मग न्यायचं की नाही ते ठरवणार. नाही म्हणाली तर? मॅनेजर म्हणाला, "फिर खलास. किसी के फार्महाउस में, जो ले जाए." फार्महाउसवर बारा डिग्री कोण देणार होतं? काकांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी जेवायला आलेच नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोठं यंत्र बंद पडलं. कंट्रोल बोर्ड जळाला होता. मी अबू धाबीजवळ मुसफ्फात सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. निम्म्यांना कुलपं, उरलेले म्हणायचे, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. मॅनेजर अबू धाबीच्या ऑफिसात बसायचा. त्याला फोन करून सांगणं एवढंच करायचं होतं. पण त्या दिवसांत ज्याचं यंत्र बंद पडलं त्याचं नाव काढायच्या यादीत जातं असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. बोर्ड आज येईल, उद्या येईल, मग सांगायचं कशाला? त्यात दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात माझ्या मुलाखती चालू होत्या, एक झाली की दुसरी. मी दिवसाआड दुबईला जात होतो. थकलो होतो, हे खरं आहे. पण थकलेला माणूस खोटं बोलतोच असं नाही. मी बोललो. मॅनेजरचा फोन आला तेव्हा म्हटलं, "रनिंग, सर."

काकांना म्हटलं, "लॉगशीटवर बारा लिहा."

ते थर्मामीटरसमोर उभे होते. "माका अठरा दिसता, सायबानु. बारा खंय?"

"लिहा हो. चारपाच दिवसांचा प्रश्न आहे."

"दिसत नाय ता कसा लिवचा?"

त्यांनी लिहिलं नाही. मग मीच लिहायला लागलो, आठवड्याचं एकदम. अकरा पॉइंट आठ, बारा, बारा पॉइंट एक. दोन पेनं वापरली. दुबईच्या गच्चीवर शिकलेलं सगळं कसब त्या तक्त्यात ओतलं.

चारपाच दिवसांचे एकोणीस झाले. मादी अर्धवट जागी झाली होती. बिळात पुढेमागे करायची, दाराशी येऊन थांबायची. काका म्हणाले, "उपाशी आसा ती. थोडा खावक घालूया." मी नाही म्हटलं. पुन्हा थंडी लागली की पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं, असं संग्रहात पूर्वी येणाऱ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, आणि ते खरंच होतं. पण माझ्या मनातलं कारण वेगळं होतं. कागदावर ती बारा डिग्रीत गाढ झोपली होती. झोपलेलीला जेवण कुठल्या रकान्यात दाखवणार?

विसाव्या दिवशी बोर्ड आला. दोन तासांत यंत्र सुरू झालं. मुलाखतीतून काही निघालं नाही. मला वाटलं, निभावलं.

डॉक्टरबाई एप्रिलच्या सुरुवातीला आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, कमी बोलणाऱ्या. मॅनेजर टाय लावून आला होता. नराची तपासणी झाली, तो ठणठणीत. मग मादीला काट्यावर घेतलं. बाईंनी काटा बघितला, माझी लॉगशीट बघितली, पुन्हा काटा बघितला. शेपटीच्या मुळाशी बोटांनी दाबून पाहिलं. तिथली चरबी उतरली होती. त्या इंग्रजीत म्हणाल्या, रेकॉर्ड इतकं चांगलं मी क्वचित पाहिलंय.

मॅनेजर खूश झाला. मीही, क्षणभर.

मग त्या म्हणाल्या, म्हणूनच काळजी वाटते. इतका सलग, थंड हिवाळा मिळूनही मादी एवढी उतरली असेल तर तिला आतून काहीतरी आजार आहे. आजारी जनावर मी माझ्या केंद्रात नेऊ शकत नाही, तिथे पन्नास आहेत. नर मी घेईन. ही इथेच राहू दे.

मी लिहिलेले बारा डिग्रीचे एकोणीस आकडे तिला आजारी ठरवत होते. खरं सांगितलं असतं, की ती एकोणीस दिवस गरमीत उपाशी जागी होती, तर वजनाचा अर्थ लागत होता. मादी निरोगी ठरत होती. फक्त मी सांगायला हवं होतं, आणि मॅनेजर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

बाईंनी काकांकडे बघितलं. मला म्हणाल्या, हा रोज तिच्यासोबत असतो ना? त्याला विचारा, जानेवारी-फेब्रुवारीत काही वेगळं घडलं का?

मी विचारलं. मराठीत, जसंच्या तसं. एवढी एक लाज राखली.

काका सरळ बाईंकडे बघून म्हणाले, "एकोणीस दिस बिळात गारवो नव्हतो. बाय जागी होती, उपाशी. तिका आजार नाय. सांगा त्यांका."

मॅनेजरला मराठी येत नव्हतं. बाईंना येत नव्हतं. त्या आवारात ते वाक्य समजणारा मी एकटा होतो.

"ही सेज नो," मी म्हणालो. "एव्हरीथिंग नॉर्मल."

काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण वीस वर्षं आखातात काढलेल्या माणसाला 'नो' कळतो आणि 'नॉर्मल'ही कळतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते माणूस नवीन भेटल्यासारखे बघत राहिले. मग पंपरूममध्ये गेले आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आले. मला वाटलं, आता बाईंसमोर धरणार. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"तुमका वाचूक येता," म्हणाले, आणि पाइप घेऊन नराची टाकी धुवायला निघून गेले.

त्यांनी जानेवारीचं पान वर काढून दिलं होतं. बाईंनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, कॅलेंडर. ते दिसतंय, त्या म्हणाल्या, त्यावर लिहिलंय काय?

मी इंग्रजीत वाचून दाखवायला लागलो ते खोटं कसं वाचावं याचा विचार करतच. पहिल्या चौकोनात होतं, मिशीन बंद, १८. ते वाचलं. पुढच्यात, २०, डोळे उघडे. पुढच्यात, २२, दाराकडे येता. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. सहाव्या चौकोनात लिहिलं होतं, बर्फ २ लाद्या, १७. सातव्यात, बर्फ ३, १६, बाय गप. मी थांबलो.

"गो ऑन," बाई म्हणाल्या.

बर्फाचं मला माहीतच नव्हतं, सगळं नंतर कळलं. मी मुसफ्फा आणि दुबईच्या रस्त्यावर होतो तेव्हा हा माणूस रोज सकाळी अल ऐनच्या मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणत होता. पिकअपवाल्याची मिनतवारी करून, गोणपाटात गुंडाळून, आणि बिळाच्या छतावर रचत होता. मासे टिकवायला गावी रचतात तसा. चतुर्थीच्या चौकोनात लिहिलं होतं, उपास, बर्फ ४, १५. त्याखाली बारीक अक्षरात, सायब आज पण नाय. एकोणीसही चौकोन मी वाचले. पंपरूमसमोर, उन्हात, मॅनेजरच्या तोंडावर. विसाव्या चौकोनात होतं, मिशीन चालू, १२, देव पावलो. ते वाचताना माझा आवाज फुटला आणि मला त्याची लाज वाटली नाही.

वाचून झाल्यावर मी सांगितलं की लॉगशीट खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे.

बाईंनी मला प्रश्न विचारले, शांतपणे, एकेका चौकोनाचे. मी वेगळ्या कागदावर भाषांतर लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी तपासायला रक्त काढलं, दोन दिवस राहिल्या, मादीला खायला घातलं, आणि ती खातेय हे बघून म्हणाल्या, ही येईल. जानेवारीचं पान त्यांनी फाइलमध्ये लावलं. एकादशी, सूर्योदय आणि मागच्या बाजूची गुळाच्या पोळीची कृती, सगळ्यासकट ते पान युरोपात गेलं. माझी लॉगशीट त्यांनी मला परत दिली.

मला मॅनेजरने काढलं नाही. गंमत म्हणजे त्याची गरजच पडली नाही. मे महिन्यात दोन्ही पेट्या विमानाने गेल्या, मागे दोन रिकामी बिळं उरली, आणि रिकाम्या बिळाला चिलरवाला कशाला लागतो? ज्या नोकरीसाठी मी खोटं बोललो ती मगरींबरोबर जाणारच होती. इतकं साधं होतं ते, आणि त्या हिवाळ्यात मला ते दिसलं नव्हतं. आम्ही परत आलो, पुण्यात पुन्हा सुरुवात केली, आता सांगण्यासारखं त्यात काही नाही. काकाही गावी गेले. जाताना ते सगळ्यांना भेटले, मलाही भेटले, नीट बोलले. पण 'सायबानु' म्हणाले नाहीत.

तीन वर्षांनी बाईंची ईमेल आली. मादीने अंडी दिली होती आणि त्यातल्या बऱ्याचशांतून पिल्लं निघाली होती. फोटोत हाताच्या ओंजळीत मावतील एवढी काळी पिल्लं, अंगावर पिवळे पट्टे. त्यांतली काही मोठी झाल्यावर चीनला, तळ्यांत सोडायला पाठवणार होते. मी तो फोटो किती वेळ बघत बसलो कोण जाणे. मग जुन्या डायरीतून नंबर शोधून मालवणला फोन लावला. काकांनीच उचलला. मी कोण ते सांगितलं.

मी पिल्लांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "थंय थंडी आसा मां तिका?"

"आहे. खरी थंडी आहे. बाहेर बर्फ पडतो."

"आणि वजन? वजन किती भरला तिचा?"

ईमेलमध्ये वजन दिलेलं होतं. मी मघाशी वाचलं होतं, मला आठवत होतं. मी आकडा सांगितला.

मग अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "बघान सांगतास मां?"

"थांबा," मी म्हटलं, आणि ईमेल उघडून पुन्हा बघितलं.